अ.पा.क.

२०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी नात आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि सुट्टीसाठी आमच्याकडे नेरूळला राहायला आली होती. रोज सकाळी साडेसहाला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी सायकली घेऊन बाहेर पडायच्या आणि आठच्या सुमारास परत यायच्या. सुट्टीत मुले एवढ्या लवकर उठतात याचेच घरात सगळ्यांना इतके अप्रूप होते, की त्या जातात कुठे याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. चार-पाच दिवसांनी टीपॉयवर पडलेली एक शंभरपानी वही मी सहज उघडली. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला रकाने आखलेली वही दिसली, की ती पाहिल्यावाचून राहवत नाही.

रकाने सहा होते. तारीख, तिथी, भरतीची वेळ, तळ्यातले पाणी, पक्षी आणि शेरा. तळे म्हणजे पाम बीच मार्गाजवळचा, सीवूड्सचा डीपीएस तलाव. हल्लीच्या मुलींना तिथी कशाला लागते, असा मला प्रश्न पडला. तर जेटीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मोबाइलवरच्या वेळापत्रकाशी मुलींनी तो ताडून पाहिला होता आणि थोडाफार फरक सोडला तर जुळतो, असा दाखलाही वहीत दिला होता. पुढे मात्र 'पाणी' या रकान्यात पानभर एकच शब्द होता: नाही. नाही. नाही. आणि शेऱ्यात एके ठिकाणी लिहिले होते, 'खाडीला भरती पूर्ण. तळ्यात थेंब नाही. चिखलाला भेगा.'

वहीच्या शेवटच्या पानावर एका अर्जाचा कच्चा मसुदा होता. दुपारी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आबा, यावर कुणातरी मोठ्या माणसाची सही हवी असं वाटतं. तुम्ही कराल?"

"ठेव तिथे. बघतो," मी म्हणालो.

बँकेतल्या माणसाच्या 'बघतो'चा अर्थ काय असतो, हे ज्यांनी कधी कर्जासाठी अर्ज केला आहे त्यांना सांगायला नको. दोन दिवस तो कागद तसाच पडून राहिला. निवृत्त माणूस, सोसायटीत चार लोकांत उठबस, कोणाचा मेहुणा कुठल्या कंत्राटात आहे ते आपल्याला ठाऊक नसते, उगाच कशाला आपले नाव कागदावर, असे सगळे विचार मनात येऊन गेले. आणि गंमत पाहा, त्याच आठवड्यात एका शाळेने मला जागतिक पर्यावरण दिनाच्या भाषणाचे निमंत्रण पाठवले होते आणि त्याला मी तत्काळ होकार कळवला होता. विषय होता, 'युवक: परिवर्तनाचे दूत'.

दूत हा शब्द तेव्हा पहिल्यांदा मला खटकला. दूत म्हणजे निरोप्या. बँकेत चेक घेऊन येणारा माणूस वेगळा आणि चेकवर सही करणारा वेगळा. आपण वडीलधाऱ्यांनी पर्यावरणाच्या बाबतीत मुलांना पहिल्या कामावर नेमले आहे. घोषणा त्यांनी द्यायच्या, फलक त्यांनी रंगवायचे, प्रभातफेरी त्यांनी काढायची आणि टोप्याही त्यांनीच घालायच्या. सहीचा अधिकार मात्र आपल्याकडे. दर ५ जूनला आपण त्यांची पाठ थोपटतो आणि ६ जूनला पुन्हा आपल्या टेबलावर जाऊन बसतो.

शाळेतले पर्यावरण शिक्षण हे काही सरकारला सहज सुचलेले नाही. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आदेश दिला, की हा विषय शिकवला गेलाच पाहिजे. पुढे २००३ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले. त्या आदेशाचे आपण काय केले? एक प्रकल्पवही केली. स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना प्रदूषणाची चित्रे मिळतात, ती कापून चिकटवायची, खाली आईने सुवाच्य अक्षरात मजकूर लिहायचा, मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचे वेष्टण घालायचे आणि गुण मिळवायचे. माझ्या मुलीच्या वेळी मीही रात्री जागून डिंक लावला आहे, तेव्हा इतरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्या कुठल्याही वहीत 'आज पाणी नाही' असे वाक्य मी वाचले नव्हते. मुलींच्या शंभरपानी वहीत ते होते, कारण ती वही कोणी करायला सांगितलेली नव्हती.

आता शीर्षकाकडे वळतो. सातबाराच्या उताऱ्यावर कधी नजर टाकली असेल, तर एखाद्या नावालगत 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे तुम्ही पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता. जमिनीचा मालक वयाने लहान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणून त्याच्या वतीने आई किंवा वडील किंवा आणखी कोणी व्यवहार पाहतो. पण पालनकर्ता मालक नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा १९५६ चा आहे. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे खुद्द जन्मदात्यालासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. विकलीच, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकते.

हे कलम मला तोंडपाठ आहे, कारण त्यापायी मी एका बाईला आठ महिने ताटकळत ठेवले होते. १९९४ साल असावे. माझी बदली नवी मुंबईतल्या एका शाखेत झाली होती. मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये सुरू झाली होती, महानगरपालिका त्याच वर्षी जानेवारीत अस्तित्वात आली होती, आणि मुंबईत जागा न परवडणारी आमच्यासारखी कुटुंबे खाडी ओलांडून इकडे येऊ लागली होती. शाखेत रोज दहा-दहा गृहकर्जांचे अर्ज येत. त्या दिवसांत पनवेल बाजूच्या एका गावातली विधवा बाई आली. आजोबांनी नातवाच्या नावे केलेली थोडी जमीन गहाण ठेवून तिला कर्ज हवे होते. उताऱ्यावर मुलाचे नाव आणि पुढे अ.पा.क. म्हणून तिचे. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि न्यायालयाची परवानगी आणल्याशिवाय काही होणार नाही, असे स्वच्छ सांगितले. तिने अलिबागला खेपा घातल्या. आठ महिन्यांनी आदेश घेऊन ती आली, तेव्हा आपण एका पोराचे हित राखले याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

त्याच वर्षी एका इमारतीच्या जागेची पाहणी करायला मी गेलो होतो. खाडीच्या कडेला भराव चालला होता. एका बाजूला तोडलेल्या तिवरांचे ढीग पडले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा चिखलातून चिंबोऱ्या धरून वर आला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी फॉर्म भरला. जागा सपाट आहे का? आहे. पोचरस्ता आहे का? आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत का? आहेत. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना केंद्र सरकारने १९९१ मध्ये काढली होती, पण माझ्या टेबलापर्यंत ती कधी पोचली नाही आणि मी ती मागवलीही नाही. खाडीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. त्या मुलासाठीही नव्हता. पंधरा मिनिटांत माझी सही झाली.

एका पोराची थोडी जमीन वाचवायला मी आठ महिने अडून बसलो आणि सगळ्या पोरांची खाडी मी पंधरा मिनिटांत गहाण टाकली. हा हिशेब त्या वेळी मला दिसला नाही. तो दाखवला नातीच्या वहीने.

खाडीकाठची जमीन रिकामी पडलेली असते, हा आम्हा बाहेरून आलेल्यांचा समज. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर, नवे शहर उभे करायचे ठरले, तेव्हा या भागात भातखाचरे होती, मिठागरे होती, मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. येथील आगरी-कोळी माणसाला खारे पाणी कसे हाताळायचे ते चांगले कळत होते. खारबंदिस्तीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, भरतीला ती मिटायची आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे. नवी मुंबईच्या नियोजनकारांनी शहराचा निचरा नेमका याच तत्त्वावर बेतला. बराचसा भाग उधाणाच्या पातळीखाली असल्याने पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव ठेवले आणि त्यांना झडपा बसवल्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी त्या तलावांत थांबते आणि ओहोटीला खाडीत उतरते. तलाव गाळाने भरले किंवा झडपा नादुरुस्त झाल्या, की ते पाणी आपल्या पार्किंगमध्ये येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस या बाजूच्याही अनेकांना आठवत असेल. तापणाऱ्या हवेत असे दिवस वाढणार, असे शास्त्रज्ञ सांगत आहेत आणि समुद्राची पातळीही वर चढते आहे. म्हणजे खाडीचा प्रश्न हा पक्षिनिरीक्षकांचा छंद राहिलेला नाही. तो तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या घराचा प्रश्न आहे.

पक्ष्यांचेही गणित याच भरतीशी बांधलेले आहे. ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो आणि मराठीत रोहित, ते साधारण नोव्हेंबरपासून इकडे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तिथे ते चरतात. भरती आली, की तो चिखल पाण्याखाली जातो आणि हजारो पक्ष्यांना उथळ पाण्यात उभे राहायला दुसरी जागा लागते. पाम बीच मार्गाच्या आसपासची तळी ही ती जागा. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. पण अभयारण्याची हद्द कागदावर असते आणि भरतीच्या वेळी पक्षी त्या हद्दीबाहेरच्या तळ्यांत येतात. ती तळी गेली तर पक्षी दुसरी मोकळी जागा शोधणार आणि विमानतळासारखी मोकळी जागा दुसरी कुठली? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी हा इशारा पूर्वीच दिला होता. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरत्या विमानावर फ्लेमिंगोंचा थवा आदळला आणि तिथल्या वस्तीत जवळजवळ चाळीस पक्षी मरून पडले. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरही प्रवासी विमाने ये-जा करू लागली आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत याच तळ्यांच्या गुलाबी छायाचित्रांनी जगभरच्या वर्तमानपत्रांत जागा मिळवली. आपण कौतुकाने शहराला फ्लेमिंगोंचे शहर म्हणू लागलो, पुलांच्या भिंतींवर पक्षी रंगवले. आणि २०२४ च्या त्या उन्हाळ्यात, भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने, सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव कोरडा पडला होता. भिंतीवरचे फ्लेमिंगो तेवढे जागेवर होते.

त्या वर्षी आवाज उठवला तो अनेकांनी. पर्यावरणासाठी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करणारे ज्येष्ठ नागरिक होते, छायाचित्रकार होते, शाळकरी मुले होती. मानवी साखळ्या झाल्या, मूक आंदोलने झाली. सरकारने समिती नेमली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. यात माझ्या नातीच्या वहीचा वाटा किती, असे कोणी विचारले तर मी प्रामाणिकपणे शून्य म्हणेन. तसा दावा ती स्वतःही करत नाही. सांगायचा मुद्दा वेगळा आहे. साखळीत उभी राहिलेली मुले छायाचित्रात आली, पण साखळीच्या मागे तारखा, अर्ज, नकाशे आणि न्यायालयाचे जुने आदेश यांची एक जाडजूड फाइल होती, म्हणून ते छायाचित्र कामाला आले. याच भागातल्या दुसऱ्या पाणथळ जागेवर गोल्फचे मैदान आणि निवासी इमारती येणार होत्या. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी केलेला जमिनीच्या वापरातला बदल रद्द ठरवला. नागरिक कागदपत्रे घेऊन गेले होते म्हणून तो निर्णय मिळाला, आणि प्रकरण तिथेच न थांबता सर्वोच्च न्यायालयात गेले. तिवरांचेही तसेच. तोडीला उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम मनाई केली आणि तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असा अंतिम निर्णय १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. मध्ये तेरा वर्षे गेली. शाळेत शिरलेले मूल तेवढ्या काळात बारावीला पोचते.

तरुणांनी नुसत्या घोषणांच्या पलीकडे जाऊन कागद हाती घेतला, तर काय होते याची दोन उदाहरणे देतो. एक जवळचे, एक फार दूरचे.

जवळचे म्हणजे आरे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालू लागल्या. धावून गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. त्या दोन दिवसांत कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. पत्र म्हणजे साधे पत्र. सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच याचिका करून घेतली आणि ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती आणि कारशेड अखेर आरेतच झाली. म्हणजे मुले जिंकली असे म्हणवत नाही. पण सुट्टीच्या काळात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार वाजवण्याची वाट पत्रातून जाते, हे त्यांनी आपल्याला शिकवले.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशातले. २०१९ मध्ये तिथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना मांडली. हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचे. प्राध्यापक हसले नाहीत. विद्यार्थ्यांनी आपल्या सरकारला पत्रे लिहिली, सरकारने ती उचलून धरली, आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने तो प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडल्यास भरपाईपर्यंतचे परिणाम भोगावे लागू शकतात. सहा वर्षे लागली. विद्यार्थी तोवर वकील झाले असतील. पण या गोष्टीतल्या वडीलधाऱ्यांकडे लक्ष द्या. शिक्षक होते, मंत्री होते, राजदूत होते, आणि त्यांनी ते पत्र 'बघतो' म्हणून टीपॉयवर ठेवले नाही.

आपल्या खाडीकाठच्या तरुणांना विसरून हा विषय पुरा होणार नाही. पर्यावरण म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण घेतलेला, चांगल्या बुटांतला मुलगा येतो. पण करावे, दिवाळे, सारसोळे किंवा उरणच्या कोळीवाड्यातल्या पोराला खाडी वाचवायची असते ती तिच्यात वाडवडिलांची जाळी पडत आली म्हणून. उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आपले गाऱ्हाणे चिकाटीने मांडले आणि २०१५ मध्ये न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. मासळी कधी, कुठे आणि किती मिळत होती, हे ज्यांना घरच्या अनुभवातून माहीत होते त्यांचे ते काम होते. आमच्या इमारतीतल्या मुलींनी भरतीचे गणित त्याच माणसांकडून घेतले, ही मला त्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद वाटते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मुले सर्वज्ञ नसतात. पृथ्वी तापते म्हणून चिंता करणारी माझी नात रात्री एसी लावून पांघरूण घेऊन झोपते आणि तिच्या नावाचे खोके आठवड्यातून दोनदा दारात येते. मी हे बोलून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे आबा. पण हे सांगून तुम्ही सही टाळताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय आईबापांची भीती खोटी नाही. आंदोलनात पकडलेल्या विद्यार्थ्याच्या नोकरीचे काय, पासपोर्टचे काय, हा प्रश्न घरात पडतोच. तो पडावा. म्हणूनच मी म्हणतो, की रस्त्यावर पोरांना पुढे करून आपण गॅलरीतून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. जोखीम विभागून घ्यायची असते. कर्जाला जामीनदार लागतो तो कर्जदार प्रामाणिक नाही म्हणून नव्हे, एकट्याच्या खांद्यावर सगळा भार राहू नये म्हणून.

मग घरातल्या माणसांनी करायचे काय? फार मोठे काही नाही. झाडे तोडण्यापूर्वी नोटीस निघते आणि हरकत घ्यायला थोडे दिवस असतात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात असते. रविवारी कोडे सोडवता सोडवता मुलाला ती शोधायला लावावी. शहराचा विकास आराखडा मंजूर होण्याआधी हरकती-सूचनांसाठी खुला होतो. नवी मुंबई महापालिका झाल्यानंतर तिचा पहिला आराखडा असा खुला व्हायला २०२२ साल उजाडले. त्या नकाशावर आपली इमारत कुठे, नाला कुठे, तळे कुठे आणि त्या तळ्यावर रंग कोणता, हे मुलांबरोबर बसून पाहावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून प्रश्न विचारता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. सुनावणीची तारीख लागली, तर मुलाला बरोबर न्यावे. बाकावर दोन तास बसणे, नाव पुकारले जाण्याची वाट पाहणे आणि पुढची तारीख घेऊन परतणे, हेही लोकशाहीचे शिक्षण आहे. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त कंटाळवाणे असते, आणि हा कंटाळा सोसायला शिकलेली मुलेच पुढे काहीतरी बदलतील, असे माझा अनुभव सांगतो.

राहिला सहीचा प्रश्न. दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली आणि २०२५ मध्ये तो नियम पुन्हा स्पष्ट करून सांगितला. मर्यादा घालून, जोखीम पाहून, पण सही त्या मुलाची. पैशाच्या बाबतीत अत्यंत सावध असलेल्या संस्थेला जर दहा वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास टाकता येतो, तर खाडीच्या पाण्याविषयी चौदा वर्षांच्या मुलीने दिलेला अर्ज आपण का घेऊ नये? नद्या, किनारे, जंगले यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे उतारा कोणाच्या नावचा आहे, ते स्पष्ट झाले आहे. आपण सारे त्यावर अ.पा.क. म्हणून लागलेलो आहोत. आपण केलेला कुठला व्यवहार मान्य करायचा आणि कुठला नाही, हे ती मुले सज्ञान झाल्यावर ठरवतील. फक्त सातबाऱ्यावरची जमीन परत मागता येते. बुजवलेली खाडी परत देणारे न्यायालय अजून निघालेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेन काढले. मुलींनी आधीच खाली आपापली नावे लिहून सह्या केल्या होत्या, गोलगोल, अजून न बसलेल्या अक्षरात. मी त्यांच्या खाली सही केली. वर करायला जागा होती, पण ती माझी नव्हती. मग आम्ही चौघे रिक्षाने त्या कार्यालयात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असा दीड तास गेला. शेवटी एका कारकुनाने अर्ज घेतला आणि ड्रॉवर उघडला. तेवढ्यात माझ्या नातीने दुसरी प्रत पुढे केली आणि म्हणाली, "काका, पोच द्या ना. शिक्का आणि तारीख."

हे तिला मी शिकवले नव्हते. नंतर विचारले, तर म्हणाली, तुम्हीच घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असता, पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

तो शिक्का मारलेला कागद तिने वहीत चिकटवला. डिंकाने, स्वतःच्या हाताने. मग खाली त्या दिवसाची ओळ भरली. तारीख, तिथी, भरतीची वेळ. पाणी: नाही. शेरा: अर्ज दिला.

पर्यावरण दिनाच्या त्या भाषणाला मी गेलो नाही. दुसरा कोणी वक्ता त्यांना मिळाला असणारच. त्या सकाळी ओहोटी होती आणि मुलींना वही धरायला माणूस हवा होता.